हूल देण्याचे गणित

दिवाळीच्या सुटीत कागलला कुणाच्या माडीवर तीन पानीचा डाव बसतो, तेव्हा सुरुवातीला पाच-सहा जण असतात. एकेक जण पाने टाकून बाजूला होतो आणि शेवटी दोघेच उरतात. इथून खेळ बदलतो. बऱ्यापैकी पाने असलेला घाबरून डाव सोडतो आणि हातात काहीच नसलेला चाल वाढवून पैसे गोळा करतो. तालमीच्या या मुलखात याचे नवल नाही. पैलवानही पटाची हूल देतो आणि टाकतो दुसराच डाव. पण हूल कधी द्यावी, किती वेळा द्यावी, याचेही गणित असते. ते पक्क्या पायावर उभे केले जॉन व्हॉन न्यूमन या शास्त्रज्ञाने.

न्यूमन यांचा जन्म २८ डिसेंबर १९०३ रोजी हंगेरीतील बुडापेस्ट येथे एका ज्यू बँकरच्या घरी झाला. लहानपणापासून त्यांची स्मरणशक्ती आणि तोंडी हिशेबाचा वेग असामान्य होता. वडिलांना मुलाच्या पोटापाण्याची काळजी होती, म्हणून त्यांनी झुरिकला रसायन अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले आणि त्याच काळात बुडापेस्टमधून गणितात डॉक्टरेटही मिळवली. १९२८ साली, पंचविशीही पूर्ण झालेली नसताना, त्यांचा खेळांच्या गणितावरचा निबंध प्रसिद्ध झाला.

बुद्धिबळ त्यांना खऱ्या अर्थाने खेळ वाटत नसे. तिथे पटावर सगळे उघडे असते. माणसाचे खरे व्यवहार मात्र पोकरसारखे असतात. पोकर म्हणजे आपल्या तीन पानीचा चुलतभाऊ. आपली पाने झाकलेली, समोरच्याची झाकलेली आणि तो आपल्याबद्दल काय विचार करतो, याचा आपण विचार करायचा. पुढे अर्थशास्त्रज्ञ ऑस्कर मॉर्गनस्टर्न यांच्यासोबत त्यांनी १९४४ साली खेळांच्या सिद्धांतावर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात दोघांच्या पोकरचा सविस्तर हिशेब आहे.

त्याचे सोपे रूप असे. समजा, मध्ये १०० रुपये जमले आहेत आणि एकाने आणखी १०० लावले. समोरच्याने पाने बघायला १०० घातले, तर जिंकल्यास त्याला २०० मिळतात, हरल्यास १०० जातात. लावणाऱ्याने तीनपैकी दोन वेळा खरी पाने आणि एकदा हूल असे प्रमाण ठेवले, तर समोरच्याला पाने बघितली काय आणि डाव सोडला काय, सारखेच. हूल याहून जास्त झाली, तर तो बघत सुटेल. कमी झाली, तर आपल्या चांगल्या पानांवरही कुणी पैसे लावणार नाही. उलट बाजूने, समोरच्याने निम्म्या वेळा बघायचे ठरवले, तर हूल देणाऱ्याचा फायदा संपतो. शिवाय हूल द्यायची ती मधल्या पानांवर नव्हे, तर अगदी भिकार पानांवर. मधली पाने बघण्यात कधीतरी जिंकतात, भिकार पाने कधीच नाही. कधीतरी हूल पकडली जाणेही फायद्याचेच असते, कारण पुढच्या वेळी खरी पाने असताना समोरचा विश्वास ठेवत नाही.

याच गणितात जुगाऱ्यांसाठी एक कडू सत्य आहे. पाने आणि पाळी दोघांना सारखी येत असतील आणि दोघेही असे अचूक खेळत असतील, तर लांब पल्ल्यात कुणीच कुणाला लुटू शकत नाही. अड्ड्यावर मात्र प्रत्येक डावातून मालकाची नाल निघते, म्हणजे हळूहळू दोघेही हरतात. खुद्द न्यूमनही पोकरच्या टेबलावर साधारणच खेळाडू होते. सहकारी त्यांच्याकडून पैसे जिंकत.

१९३० साली ते अमेरिकेत प्रिन्स्टनला गेले. दुसऱ्या महायुद्धात अणुबाँबच्या कामात त्यांचा मोठा वाटा होता. आजचे बहुतेक संगणक ज्या रचनेवर चालतात, ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झालेला टिफ्रॅक हा जुना संगणकही त्याच वळणाचा होता. वैद्यकालाही त्यांची देणगी आहे. १९४६ साली त्यांचे मित्र स्टॅनिस्लाव उलाम मेंदूच्या आजारातून उठत असताना एकट्याने पत्ते खेळत बसत. त्यातून त्यांना एक कल्पना सुचली आणि दोघांनी तिची मोंटे कार्लो पद्धत केली. हजारो वेळा नशिबाचे फासे टाकून उत्तराच्या जवळ जायचे, अशी ही पद्धत. कर्करोगाच्या रुग्णाला किरणोपचाराची मात्रा शरीरात कुठे किती पोचेल, याचा हिशेब आज या पद्धतीनेही करतात.

१९५५ च्या उन्हाळ्यात न्यूमन यांचा डावा खांदा दुखू लागला. तपासणीत हाडांपर्यंत पसरलेला कर्करोग निघाला. वय ५१. ते अणुचाचण्यांना हजर होते, म्हणून किरणोत्साराकडे बोट दाखवले जाते. पण एकाच रुग्णाच्या बाबतीत असे कारण ठामपणे सांगता येत नाही. काही महिन्यांतच ते चाकाच्या खुर्चीवर आले. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांकडून मिळालेले पदक त्यांनी त्या खुर्चीत बसूनच स्वीकारले.

अखेरचे महिने वॉशिंग्टनच्या लष्करी रुग्णालयात गेले. औषधांच्या गुंगीत तोंडून लष्करी गुपिते निघू नयेत, म्हणून त्यांच्याभोवती पहारा होता. झाकलेली पाने शेवटपर्यंत झाकलेलीच राहिली. त्यांना मरणाची भीती वाटे आणि त्याहून जास्त बुद्धी जाण्याची. मुलगी भेटायला आली की ते तिला साध्या बेरजा विचारायला सांगत, डोके अजून चालते का हे बघण्यासाठी. मेंदू आणि संगणक यांची तुलना करणारी व्याख्याने ते लिहीत होते. ती अपुरीच राहिली. ८ फेब्रुवारी १९५७ रोजी, वयाच्या ५३ व्या वर्षी ते गेले.

त्यांचे सारे गणित समोर विचार करणारा माणूस आहे, असे धरून चालते. कर्करोग आपला चेहरा वाचत नाही, हूल दिली तर फसत नाही आणि आपण घाबरलो नाही असे दाखवले म्हणून डाव सोडत नाही. तरीही दवाखान्यात येणारे अनेक जण पाने झाकूनच बसतात. तंबाखू किती, दारू किती, गाठ कधीपासून, हे डॉक्टरांनाच सांगत नाहीत. डॉक्टर तर आपल्याच बाजूला बसलेले असतात.

म्हणून, हाडाचे दुखणे विश्रांतीने थांबत नसेल, रात्री वाढत असेल, वजन घटत असेल, तर नुसत्या मालिशवर महिने काढू नयेत. बहुतेक वेळा कारण साधेच निघते. पण ते बघूनच ठरवायचे असते. पत्त्यांत ब्लाइंड खेळणाऱ्याचे पैसे जातात. इथे जाते ती उपचाराची वेळ.