कानातली गाठ आणि काहाल

देहूरोडला रेल्वेमार्गालगत राहणाऱ्या गरोदर बायका हमखास विचारतात, लोकलचा भोंगा पोटातल्या बाळाला ऐकू जातो का? साधारण सहाव्या महिन्यानंतर जातो. मात्र त्याआधी कानाच्या आतल्या केसपेशी आणि मेंदूकडे जाणारे चेतातंतू यांची गाठ पडलेली असावी लागते. चेतातंतू आपलं ठिकाण कसं शोधतात, याचा पहिला धागा सांतियागो रामोन इ काहाल या स्पॅनिश डॉक्टरांच्या हाती लागला.

जन्म १ मे १८५२ चा. वडील शल्यचिकित्सक आणि कडक शिस्तीचे. मुलाला चित्रकार व्हायचं होतं, वडिलांना ती थेरं वाटत. पोराने घरी तोफ बनवून शेजाऱ्याचं फाटक उडवलं आणि कोठडीची हवा खाल्ली. मग न्हाव्याकडे, चांभाराकडे उमेदवारी झाली. शेवटी वडिलांनी त्याला दफनभूमीत नेऊन हाडं गोळा केली आणि त्यांची चित्रं काढायला बसवलं. पोरगा तिथेच शरीररचनेत रमला! १८७३ साली तो डॉक्टर झाला, लष्करातर्फे क्युबाला गेला आणि मलेरियाने खंगून परतला.

१८८७ साली काहाल यांनी गॉल्जी यांच्या पद्धतीने चांदीच्या क्षारात रंगवलेले मेंदूचे काप पाहिले. मोजक्याच पेशी, पण टोकापर्यंत काळ्याभोर. तरीही पूर्ण वाढलेल्या मेंदूतला गुंता उलगडेना. भिंतीतल्या वायरी पाहायच्या तर गिलावा होण्याआधीच जायला हवं. काहाल यांनी तेच केलं. कोंबडीच्या अंड्यातले गर्भ घेतले. १८८८ मध्ये पदरमोड करून त्रैमासिक काढलं, प्रती साठ. पुढच्या वर्षी काप घेऊन बर्लिनला गेले आणि तिथल्या नामवंतांना सूक्ष्मदर्शकातून दाखवले.

१८९० साली त्यांना वाढत्या तंतूच्या टोकाशी एक फुगीर शंकू दिसला. काप मेलेला, निश्चल. पण हे टोक चाचपडत पुढे सरकत असणार, हे त्यांनी ओळखलं. ठिकाणावरची रसायनं त्याला खेचत असावीत, असा तर्कही मांडला. १९०८ मध्ये त्यांनी पक्ष्यांच्या आंतरकर्णातल्या तंतूंच्या टोकांवर लिहिलं. कानातले तंतू जगवणारी दोन प्रथिनं आज माहीत आहेत. ती नसलेल्या उंदरांत हे तंतू वाळून जातात. माणसाच्या एका कानात असे सुमारे ३०,००० तंतू असतात आणि त्यांतले बहुतेक जेमतेम साडेतीन हजार आतल्या केसपेशींशी जोडलेले.

१९०६ चं नोबेल काहाल आणि गॉल्जी यांना विभागून मिळालं. गॉल्जींनी त्याच मंचावरून काहाल यांचा सिद्धांत नाकारला. चेतासंस्था अखंड जाळं आहे, हे त्यांचं मत. पेशी सुट्या आहेत, हे काहाल यांचं. १७ ऑक्टोबर १९३४ रोजी काहाल गेले. पेशींमधली सूक्ष्म फट इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने १९५० च्या दशकात दाखवली.

ही फट आमच्या रोजच्या कामात येते. नवजात बाळाच्या कानात बोंडी घालून करतात ती चाचणी बाहेरच्या केसपेशींपुरती असते. त्या ठीक असूनही पुढची गाठ सैल असू शकते. बाळ चाचणीत पास होतं आणि तरी नीट ऐकत नाही. अपुऱ्या दिवसांचं किंवा कावीळ खूप वाढलेलं बाळ अतिदक्षता विभागात राहिलं असेल, तर घरी नेण्याआधी त्याची बेरा चाचणी झाली का, हे डॉक्टरांना विचारा.