न पेटणाऱ्या वायूचा जनक

शीतकपाटांतील व वातानुकूलकांतील ज्वालाग्राही वायूंची जी धास्ती आज घरोघरी व्यक्त होते, ती नवी नव्हे. शंभर वर्षांपूर्वी तीच दूर करण्याचे काम थॉमस मिजली या अमेरिकन अभियंत्याकडे आले होते.

मिजली यांचा जन्म १८८९ चा. शिक्षण यंत्रशास्त्राचे, रसायनशास्त्र त्यांनी कामाच्या ओघात आत्मसात केले. जनरल मोटर्सच्या सेवेत असताना १९२१ साली पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळण्याची युक्ती त्यांना सापडली. त्याच्या उत्पादनात कामगार दगावले, खुद्द मिजलींना शिशाची बाधा झाली; खप मात्र वाढतच गेला.

त्या काळी शीतकपाटांत अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथिल क्लोराइड असे विषारी वा पेट घेणारे वायू असत. गळती झाली की माणसे मरत. १९२८ मध्ये मिजली व त्यांच्या सहकाऱ्यांनी या दोन्ही दोषांपासून मुक्त असा वायू सिद्ध केला. १९३० साली रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत त्यांनी तो छातीत भरून घेतला आणि त्याच श्वासाने जळती मेणबत्ती विझविली. हाच तो फ्रिऑन. १९४० मध्ये पोलिओने त्यांना अपंग केले. बिछान्यातून उठण्यासाठी त्यांनी स्वतःच दोऱ्या व कप्प्यांची योजना केली होती. १९४४ साली तिच्यातच गळफास बसून त्यांचा अंत झाला. फ्रिऑन ओझोनचा थर कुरतडतो, हे १९७४ मध्ये उमगले. १९८७ च्या माँट्रियल कराराने त्याच्या उच्चाटनास आरंभ झाला.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता मिजलींनी धोका नाहीसा केला नाही. तो स्वयंपाकघरातून आकाशात गेला, आणि त्याची किंमत कोणाच्याच बिलात लागली नाही.

आता तो धोका घरात परतला आहे. नव्या शीतकपाटांत आयसोब्युटेन असतो. साताऱ्यातील शिरवळला तयार होणारे प्रोपेनवरील वातानुकूलक गोदरेजने २०१२ मध्ये बाजारात आणले. वातावरण तापविण्यात हे वायू नगण्य आहेत. घरगुती शीतकपाटात वायू असतो दीडशे ग्रॅमहून कमी, शेजारीच १४.२ किलोचे सिलिंडर बिनघोर नांदत असते! तेव्हा गृहिणीने घाबरून जावे असे यात फारसे नाही.

घाबरावे ते दुरुस्ती करणाऱ्या कारागिराने. वसई-विरारच्या चाळींत व इमारतींत यंत्रे उघडणारा हा माणूस दर कामामागे पैसे मिळवितो. प्रोपेन हवेहून जड, जमिनीलगत साचतो. हवेत त्याचे प्रमाण सुमारे दोन टक्के झाले की ठिणगी पुरते. नळीत वायू शिल्लक असताना जोडकामाची ज्योत पेटविणे, किंवा जुन्या, त्यासाठी न घडविलेल्या यंत्रात प्रोपेन भरणे, हे खरे प्राणघातक प्रकार होत. परंतु प्रशिक्षणाचा एक दिवस म्हणजे त्याची एका दिवसाची बुडालेली कमाई, आणि गळती हुडकणारे उपकरण त्याने कोठून आणावे? हा खर्च कंपन्यांनी यंत्राच्या किमतीतच धरावा. बुडालेली मजुरीही त्यातूनच भरून द्यावी. ग्राहकाला काही रुपये अधिक मोजावे लागतील. ते त्याने मोजावेत.