रावबहादूर सी. के. बोले आणि त्यांचा ठराव

दादरला पोर्तुगीज चर्चपाशी जो बोले रस्ता आहे, तो रावबहादूर सीताराम केशव बोले यांच्या नावाचा, हे आपल्या भंडारी ज्ञातिबांधवांस ठाऊक असते. परंतु रावबहादुरांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात नेमके काय केले, असे कोणी विचारले तर उत्तर देताना अडखळावे लागते. आम्हीही तरुणपणी असेच अडखळलो होतो.

बोले ज्ञातिकार्यात अग्रभागी होते, पण ज्ञातीच्या कुंपणात ते अडकले नाहीत. १९०७ साली भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले, तेव्हा भरलेल्या अभिनंदनाच्या सभेचे अध्यक्ष बोलेच होते. त्याच सभेत केळूसकर गुरुजींनी आपले बुद्धचरित्र त्या विद्यार्थ्यास दिले. पुढे १९०९ साली बोले यांनी गिरणी कामगारांसाठी कामगार हितवर्धक सभा काढली.

१९१९ च्या सुधारणांनी शिक्षण, सार्वजनिक आरोग्य व स्थानिक स्वराज्य ही खाती लोकनियुक्त सभासदांतून घेतलेल्या मंत्र्यांकडे आली. सभासदाने प्रश्न विचारावा, उत्तराने समाधान न झाल्यास उपप्रश्न करावा, आणि तेवढ्याने न भागल्यास ठराव आणावा, अशी वहिवाट. मात्र ठराव म्हणजे शिफारस. सरकारवर त्याचे बंधन नसे. ही गोष्ट ध्यानात घेतल्यावाचून बोले यांच्या चिकाटीचे मोल कळावयाचे नाही.

४ ऑगस्ट १९२३ रोजी त्यांचा ठराव कौन्सिलाने संमत केला. सार्वजनिक पैशाने बांधलेले किंवा चालविलेले पाणवठे, विहिरी व धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, न्यायकचेऱ्या, कार्यालये आणि दवाखाने अस्पृश्य वर्गास मोकळे असावेत, असा त्याचा आशय होता. पाणवठ्याची गोष्ट सर्व सांगतात, दवाखान्याची कोणी सांगत नाही. आजारी लेकरू कडेवर घेऊन आलेल्या आईस औषधासाठी ओटीखाली उभे राहावे लागू नये, हेही त्या ठरावात होते. त्या एका शब्दासाठी आम्हांस बोले यांच्याविषयी अधिक आदर वाटतो.

११ सप्टेंबर १९२३ रोजी सरकारने खातेप्रमुखांस अंमलबजावणीची आज्ञा पाठविली. नगरपालिका व लोकल बोर्डे मात्र बहुतांशी स्वस्थ बसली. तेव्हा ऑगस्ट १९२६ मध्ये बोले यांनी दुसरा ठराव आणला: जी संस्था अंमल करणार नाही, तिचे सरकारी अनुदान बंद करावे. पहिल्या ठरावात विनंती होती, दुसऱ्याने थैलीला हात घातला. मास्तरकीच्या अनुभवाने सांगतो, नुसते रागे भरून मूल ऐकत नाही हे कळावयास आम्हांसही काही वर्षे लागली होती.

महाड नगरपालिकेने १९२४ च्या जानेवारीत चवदार तळे खुले करण्याचा ठराव केला खरा, पण तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी हजारो अनुयायांसह त्या तळ्याचे पाणी घेतले, ते याच ठरावांच्या आधारावर. त्यानंतर ४ ऑगस्ट १९२७ रोजी, म्हणजे बोले ठरावास बरोबर चार वर्षे होत असताना, नगरपालिकेने आपला ठराव रद्द केला. प्रकरण न्यायालयात गेले आणि हायकोर्टाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागावयास १९३७ चा मार्च उजाडला.