माणेकजी हातरिया : अठ्ठावीस वर्षांची चिकाटी

कॅम्पातल्या एका इराण्याच्या हॉटेलात आम्ही मित्र एकेका चहावर तासन् तास बसत असू. गल्ल्यावरचे वृद्ध गृहस्थ कधी उठवीत नसत. एकदा मी सहज विचारले, तुमची माणसे आपला मुलूख सोडून इकडे का आली? त्यांनी यझद गावाचे नाव घेतले, आजोबांचे हाल सांगितले आणि शेवटी म्हणाले की, माणेकजी हातरिया नसते तर मागे राहिलेले कोणी वाचलेच नसते. हे नाव मी ऐकलेही नव्हते. त्या अज्ञानाची लाज वाटली, म्हणून हे टिपण.

माणेकजी लिमजी हातरिया यांचा जन्म 1813 साली सुरतेजवळ झाला. लहान वयातच ते पोटासाठी बाहेर पडले आणि व्यापारी मुनीम म्हणून दूरदूर हिंडले. पारशांचे पूर्वज हजारावर वर्षांपूर्वी इराणातून गुजरातेत आले. जे तिथेच राहिले, त्यांची दैना मुंबईला पळून आलेल्यांच्या तोंडून कळत होती. मुंबईच्या पारशांनी त्यांच्यासाठी निधी उभारला आणि 1854 मध्ये माणेकजींना आपले प्रतिनिधी म्हणून इराणात धाडले.

तिथे गेल्यावर त्यांनी आधी शिरगणती केली. यझद आणि भोवतालच्या खेड्यांत 6,658, केरमानात सुमारे 450 आणि तेहरानात 50 माणसे! एका प्राचीन धर्माचे मायदेशी एवढेच अनुयायी उरले होते. त्यांना मुसलमानांसमोर घोड्यावर बसता येत नसे, रंगीत वस्त्रे नेसता येत नसत, उंच घर बांधता येत नसे. घरातल्या एकाने धर्म बदलला, तर सारी मालमत्ता त्याचीच होई. या सर्वांवर जिझिया. तो शब्द आपण औरंगजेबाच्या प्रकरणात वाचतो. इथे मधले अंमलदार ठरल्या रकमेच्या कितीतरी पट उकळीत.

माणेकजींनी आरडाओरडा केला नाही. निधीतून लोकांचा कर भरला, अग्निमंदिरे दुरुस्त केली, गरीब मुलींची लग्ने लावून दिली, शाळा काढल्या. दुसरीकडे तेहरानच्या दरबारात अर्जांमागून अर्ज केले. 1873 मध्ये शहा नासिरुद्दीन लंडनला गेला, तेव्हा तिथल्या पारशांनीही त्याच्यापुढे गाऱ्हाणे मांडले. तेहरानातल्या इंग्रज वकिलानेही रदबदली केली. अखेर 1882 साली शहाने फर्मान काढून जिझिया रद्द केला. अठ्ठावीस वर्षे लागली.

इथे मी थोडा अडखळलो. त्याच 1882 साली आपल्या पुण्याचे टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढीत होते. जे सरकार इथे संपादकांना कोठडीत घालते, त्याचाच वशिला माणेकजींनी तिथे लावला. हे योग्य का? मी पुष्कळ विचार केला. ज्याच्या दारात वसुलीचा शिपाई उभा आहे, त्याला सोडवणारा हात कोणाचा, हे विचारायला सवड नसते. माणेकजींनी मिळेल तो हात धरला. आपण त्यांच्या जागी काय केले असते?

फर्मानाने सारे पालटले नाही. कर गेला, पण जाच गावोगाव राहिलाच. म्हणून पुढेही कित्येक कुटुंबे मुंबई-पुण्याला येत राहिली. पुण्यात जन्मलेल्या मेहेरबाबांचे वडीलही यझदकडचेच. पण 1906 मध्ये इराणात पहिली मजलिस भरली, तेव्हा तिच्यात एक जरथुष्ट्री सभासद बसला होता.

ते पाहायला माणेकजी नव्हते. 1890 साली तेहरानातच त्यांनी देह ठेवला. सुरक्षित मुंबई सोडून, आपल्यावर न ओढवलेल्या संकटासाठी त्यांनी अर्धे आयुष्य परमुलुखात घालवले. दूरच्या माणसाचे दुःख आपले मानायला त्याची भाषा, गाव, चेहरा ओळखीचा असावा लागतो काय? पुन्हा त्या हॉटेलात गेलो, तेव्हा चहा मागण्याआधी मी त्या आजोबांना नमस्कार केला.