एका हाताचा सेनापती आणि आपली रॅग्लन बाही



स्मरणिकेसाठी कोणा प्रसिद्ध व्यक्तीचे चरित्र लिहा, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले. संतांची आणि देशभक्तांची चरित्रे आपल्यातल्या शिकलेल्या भगिनी लिहितातच. मी सातवी पास झालेली, घरसंसारातली बाई. हातात क्रोशाची सुई असली की माझे डोके चालते. म्हणून ज्यांचे नाव आपण विणकामाच्या वर्गात रोज घेतो, पण ज्यांच्याविषयी कधी विचारत नाही, अशा गृहस्थांची हकीकत सांगते. त्यांचे नाव लॉर्ड रॅग्लन.

रॅग्लन हा बाहीचा एक प्रकार, इतकेच आपल्याला ठाऊक. साध्या बाहीला खांद्यावर मुंढ्याची गोल शिवण असते. रॅग्लन बाही थेट गळ्यापासून निघते आणि तिची तिरपी रेघ काखेपर्यंत उतरते. खांद्यावर शिवण नसल्याने हात मोकळा हलतो. पुतण्याने वाचनालयातून पुस्तके आणून दिली, त्यांत मला कळले की हे एका इंग्रज सेनापतीचे नाव, आणि त्या सेनापतीला उजवा हातच नव्हता!

त्यांचे मूळ नाव फिट्झरॉय सॉमरसेट. जन्म ३० सप्टेंबर १७८८ चा, इंग्लंडातल्या बॅडमिंटन येथला. बोफर्टच्या ड्यूकचे ते सर्वांत धाकटे चिरंजीव. मोठ्या घरी धाकट्या मुलाच्या वाट्याला इस्टेट येत नसे. ते १८०४ साली लष्करात शिरले आणि पुढे वेलिंग्टनच्या हाताखाली लागले. हा वेलिंग्टन म्हणजे १८०३ साली आपल्या जालन्याजवळच्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढलेला वेलस्लीच. त्याची पत्रे लिहिणे, हुकूम पोचवणे, हे काम सॉमरसेट यांनी स्पेनच्या लढायांत चोख केले. १८१४ साली वेलिंग्टनच्या पुतणीशी, एमिलीशी, त्यांचे लग्न झाले.

पुढच्याच वर्षी, १८ जून १८१५ रोजी, वॉटर्लूची लढाई झाली. संध्याकाळच्या सुमारास एक गोळी त्यांच्या उजव्या कोपरात शिरली आणि हाडाचा चुरा झाला. त्या काळी भूल देण्याचे औषध नव्हते. शुद्धीवर असतानाच त्यांचा हात कापला. तोंडातून हूं की चूं नाही. शेजारी जखमी होऊन पडलेल्या राजपुत्राला तिथे काय चालले आहे याचा पत्ताही लागला नाही. कापलेला हात माणसे बाहेर नेऊ लागली, तेव्हा मात्र त्यांनी तो परत मागवला. बोटात बायकोने दिलेली अंगठी होती, ती काढून घ्यायची होती! हे वाचले तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आले.

वय अवघे सव्वीस. त्यांनी डाव्या हाताने लिहिण्याचा सराव केला आणि पुन्हा कामावर रुजू झाले. १८२७ पासून १८५२ पर्यंत, पंचवीस वर्षे, लंडनच्या लष्करी कचेरीत त्यांनी कारभार पाहिला. १८४५ च्या डिसेंबरात त्यांचा एक मुलगा पंजाबात फिरोजशहाच्या लढाईत जखमी होऊन वारला. १८५२ साली त्यांना लॉर्ड ही पदवी मिळाली, आणि वेल्समधल्या रॅग्लन या ठिकाणाचे नाव त्यांनी घेतले. ते नाव पुढे बाहीला चिकटले. एका हाताने चढवायला सोपा पडावा म्हणून त्यांचा कोट या बेताचा शिवला होता, असे सांगतात.

इथपर्यंतचे चरित्र कोणालाही आवडेल. पुढचे मन कष्टी करणारे आहे.

१८५४ साली इंग्लंड, फ्रान्स आणि तुर्कस्तान एका बाजूला व रशिया दुसऱ्या बाजूला, असे क्रायमियाचे युद्ध जुंपले. इंग्रज फौजेचे सेनापतिपद पासष्ट वर्षांच्या रॅग्लनसाहेबांना मिळाले. उभा जन्म त्यांनी दुसऱ्याचे हुकूम लिहिण्यात घालवलेला. स्वतः फौज लढवण्याची वेळ ही पहिलीच. २५ ऑक्टोबर १८५४ रोजी बालाक्लावाच्या लढाईत ते टेकडीवर उभे होते. शत्रूच्या कोणत्या तोफा त्यांच्या मनात आहेत हे वरून स्पष्ट दिसत होते, पण खाली दरीतल्यांना त्या दिसत नव्हत्या. चिठ्ठीतला मजकूर संदिग्ध. परिणामी सुमारे ६७० घोडेस्वार भलत्याच तोफांच्या तोंडी गेले आणि शंभरावर माणसे मेली. त्यांच्या पुढे घोडा घातलेले अधिकारी होते लॉर्ड कार्डिगन. होय, आपण पुढून बटणे लावून घालतो तो कार्डिगन स्वेटर त्यांच्याच नावाचा!

पण तोफांनी मेले त्यांच्याहून कितीतरी अधिक लोक थंडीने आणि रोगराईने मेले. युद्ध हिवाळ्याआधीच आटोपेल, या भरवशावर सारे निघाले होते. अंगावर उन्हाळी कपडे. १४ नोव्हेंबर १८५४ रोजी मोठे तुफान झाले आणि थंडीचे कपडे आणणारे ‘प्रिन्स’ नावाचे जहाज खडकांवर आपटून बुडाले. नंतर जे सामान आले तेही बंदरातच अडकून पडले. बंदरापासून छावणी सहा-सात मैल, पण वाट सगळी चिखलाची आणि ओढणारी जनावरे उपासाने मेलेली. शिपायांना कॉफी मिळे ती हिरव्या कच्च्या बियांची. भाजायला सरपण नाही. आपल्यासारख्या चूल सांभाळणाऱ्या बाईला यावरून सारे काही कळते. सामान द्यायचे म्हणून दिले, पण ते घेणाऱ्याच्या उपयोगी पडेल का, हे कोणी पाहिलेच नाही.

हे ऐकून इंग्लंडातल्या बायका विणायला बसल्या. खुद्द व्हिक्टोरिया राणी आणि राजवाड्यातल्या मुलीबाळीही बसल्या. हातमोजे, गळपट्टे, कानावरून घ्यायच्या लोकरीच्या टोप्या असे ढीग निघाले. आपण हिवाळ्यात घालतो त्या माकडटोपीला इंग्रजीत आजही बालाक्लावा म्हणतात. एका युद्धातून आपल्या विणकामाला अशी तीन नावे मिळाली.

रॅग्लनसाहेब स्वभावाने सौम्य आणि सभ्य. पण वर्तमानपत्रांनी त्यांना फार दोष दिला, आणि शिपायांचे हाल झाले हे खरेच होते. १८ जून १८५५ रोजी, वॉटर्लूला बरोबर चाळीस वर्षे झाली त्याच दिवशी, सेवास्तोपोलवरचा हल्ला फसला. ते खचले, पोटाच्या विकाराने आजारी पडले आणि २८ जून रोजी छावणीतच वारले. जिथे जन्मले त्या बॅडमिंटनलाच त्यांना पुरले.

आता त्यांच्या नावाच्या स्वेटरविषयी. सहा-आठ महिन्यांच्या बाळाला मी तीन पदरी बारीक लोकरीचा, क्रोशाचा जाळीदार स्वेटर करते, तो गळ्याकडून खाली. गळ्याला ५२ टाके घ्यावेत. त्यांत पुढचा भाग ८, बाही ८, पाठ १६, दुसरी बाही ८, दुसरा पुढचा भाग ८, आणि या पाच भागांच्या मधे कोपऱ्याचा एकेक असे ४. प्रत्येक कोपऱ्यात एक खांब, एक साखळी, पुन्हा एक खांब घालावा. दुसऱ्या ओळीपासून हेच कोपऱ्यातल्या साखळीच्या घरात करावे, म्हणजे दर ओळीला आठ खांब वाढतात. चौदा ओळी झाल्या की पाठीला ४४, प्रत्येक बाहीला ३६ आणि पुढच्या प्रत्येक भागाला २२ खांब होतात. मग बाह्यांचे खांब सोडून द्यावेत, काखेत चार-चार साखळ्या घालून अंग जोडून घ्यावे. खाली एक खांब, एक साखळी, एक टाका सोडून पुन्हा खांब, अशी जाळी करत जावे. लोकर कमी लागते, वजन होत नाही आणि बाळाला उकडत नाही. शेवटी बाह्या गोल विणून पुऱ्या कराव्यात. कुठे शिवण म्हणून नाही.

वरून विणण्याचा मोठा फायदा असा की, अर्धवट असतानाच बाळाच्या अंगाला लावून पाहता येतो. पुढल्या वर्षी मूल उंच झाले तर खालची कड उसवून चार ओळी वाढवता येतात. अंगाकडे बघत बघत विणण्याची ही रीत आहे. ज्यांचे नाव तिला लागले, त्यांच्या फौजेला मात्र असे वेळच्या वेळी बघणारे कोणी मिळाले नाही.

आपल्या मंडळातर्फे प्रसूतिगृहातल्या गरीब बाळांसाठी दरसाल स्वेटर जातात. माझी एवढीच विनंती आहे की, यंदा ते दिवाळीपूर्वी पोचते करावेत. संक्रांतीनंतर पोचलेला स्वेटर कितीही सुबक असला, तरी त्या बाळाची थंडी कुडकुडण्यातच गेलेली असते. ज्यांना क्रोशा येतो त्यांनी एकेक अंगावर घ्यावा, ज्यांना येत नाही त्यांनी लोकर द्यावी. वरचे चार कोपरे कोणाला जमले नाहीत, तर मंगळवारी दुपारी मंडळात यावे. मी सुई घेऊन बसलेली असेनच.