उपग्रहाचा आकडा खरा कशावरून? ॲना मणींनी शिकवलेली मोजमापाची शिस्त

दुपारी दीडच्या सुमारास युरोपचा सेंटिनेल-५पी उपग्रह शहागंजच्या आकाशावर रोज नजर टाकतो. परत फिरलेल्या सूर्यप्रकाशातला कोणता भाग हवेने शोषला, यावरून तो नायट्रोजन डायऑक्साइड, ओझोन असे वायू मोजतो. मात्र त्याची एक चौकट सुमारे ५.५ बाय ३.५ किलोमीटरची. शहागंज, सिटी चौक, गुलमंडी एकाच आकड्यात मावतील एवढी! शिवाय तो आकडा जमिनीपासून वरपर्यंतच्या हवेचा एकत्रित असतो. म्हणून जमिनीवरच्या आणि फुग्यातल्या उपकरणांशी तो पडताळावा लागतो. भारतात ही उपकरणे घडवणाऱ्या शास्त्रज्ञ म्हणजे ॲना मणी.

हिऱ्याच्या कुड्या नकोत

जन्म २३ ऑगस्ट १९१८, केरळमधील पीरमेड. आठव्या वाढदिवशी घरच्या रिवाजानुसार हिऱ्याच्या कुड्या मिळणार होत्या. त्यांनी एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका मागितला. पुढे बंगळूरला सी. व्ही. रमण यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी हिरे आणि माणकांच्या प्रकाशाचाच अभ्यास केला. पाच शोधनिबंध लिहिले. तरीही एम.एस्सी. नसल्याने मद्रास विद्यापीठाने पीएच.डी. नाकारली.

पुण्यात काय केले?

लंडनमध्ये हवामान उपकरणांचे शिक्षण घेऊन १९४८ मध्ये त्या पुण्यात हवामान खात्यात रुजू झाल्या. तेव्हा साधी उपकरणेही परदेशातून येत. त्यांनी सुमारे १०० उपकरणांचे आराखडे प्रमाणित करून ती देशातच बनवायला घेतली. मोजमाप चुकीचे असेल, तर ते नसलेलेच बरे, अशी त्यांची भूमिका होती. १९६०च्या दशकात त्यांनी भारतीय ओझोनसोंड तयार केला. फुग्याला बांधलेले हे यंत्र वर चढताना कोणत्या उंचीवर किती ओझोन आहे, ते सांगते.

पडताळणी का हवी?

१९८५ मध्ये अंटार्क्टिकावरची ओझोनची घट ब्रिटिश शास्त्रज्ञांनी जमिनीवरच्या उपकरणाच्या आधारे जाहीर केली. निंबस-७ उपग्रहानेही ती टिपली होती. पण ते आकडे फारच कमी म्हणून संशयास्पद ठरवले गेले होते.

मणी १९७६ मध्ये उपमहासंचालक म्हणून निवृत्त झाल्या. १६ ऑगस्ट २००१ रोजी तिरुवनंतपुरमला त्यांचे निधन झाले.

आज छत्रपती संभाजीनगर राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात आहे. मोबाइलवरच्या नकाशात शहरावर लाल डाग दिसला, तर दोन गोष्टी पाहा: आकडा संपूर्ण हवेचा आहे की रस्त्यावरच्या श्वासाचा, आणि जमिनीवरच्या यंत्राशी तो जुळतो का?