भोग कोणता सोडायचा? राजा भर्तृहरींचे चरित्र



या वेळच्या चरित्रसेवेला आम्ही आमच्याच गावचा राजा घेतला आहे. सवडीने वाचा आणि घरात मोठ्याने वाचून दाखवा.

आपल्या मराठीत 'भोग' हा शब्द मोठा गमतीचा आहे. इथे महाकालेश्वरी रोज सकाळी भोग आरती होते, तिथे भोग म्हणजे नैवेद्य. चैनीत लोळणारा तो भोगी. दुखणं मागे लागलं की आपण म्हणतो, भोग आहेत, भोगून संपवायचे. आणि संक्रांतीच्या आदल्या दिवशी तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लेकुरवाळी भाजी करतो, तीही भोगीच! म्हणजे धर्माने खाणंपिणं, नटणंसजणं नाकारलेलं नाही. मग सोडायचं ते काय? भर्तृहरींच्या चरित्रात याचं उत्तर सापडतं.

भर्तृहरी हे अवंतीचे म्हणजे उज्जैनचे राजे आणि विक्रमादित्यांचे थोरले बंधू, असं परंपरा सांगते. नीतिशतक, शृंगारशतक आणि वैराग्यशतक ही त्यांची तीन शतकं. १७व्या शतकात वामन पंडितांनी ती मराठीत आणली. ज्याने शृंगारावर शंभर श्लोक लिहिले त्यानेच वैराग्यावरही लिहिले, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

त्यांची अमरफळाची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली असते. एका ब्राह्मणाला देवाच्या कृपेने फळ मिळालं. खाणारा अमर होणार. त्याने ते राजाला दिलं. राजाचा जीव राणीवर, त्याने तिला दिलं. राणीचं मन दुसऱ्यात गुंतलेलं, तिने त्याला दिलं. त्याने ते एका गणिकेला दिलं. गणिकेने विचार केला की आपलं हे जिणं अमर होऊन काय करायचं, प्रजेला सांभाळणारा राजा जगू दे. फळ फिरून राजाच्याच हातात आलं. सगळा उलगडा झाला आणि राजाने सिंहासन धाकट्या भावाला देऊन वन गाठलं.

ही गोष्ट ऐकली की बोट राणीकडे जातं. पण नीतिशतकात ज्या श्लोकाशी ही कथा जोडतात, त्यात राजाचा धिक्कार राणीपाशी थांबत नाही, शेवटी तो स्वतःवरही येतो. आणि एक गंमत बघा. त्या फळाचा मोह ज्या एका व्यक्तीला पडला नाही, ती जगाने सर्वांत खालची ठरवलेली गणिका होती. भोगात कोण बुडालंय हे बाहेरून ओळखता येत नाही ते असं.

आता दुसरी कथा. श्रावणात आपल्याकडे 'नवनाथ भक्तिसार'चं पारायण होतं. मालूकवींनी हा ४० अध्यायांचा ग्रंथ शके १७४१ मध्ये म्हणजे १८१९ साली पूर्ण केला. त्यातली राणी पिंगला अगदी वेगळी आहे, एकनिष्ठ पतिव्रता. राजाशिवाय आपण जगणार नाही असं ती सांगते. राजाला याची खात्री करून घ्यावीशी वाटते. तो शिकारीला जातो आणि रक्ताने माखलेले आपले कपडे घरी पाठवून आपण मेल्याचा निरोप देतो. पिंगला चितेत देह ठेवते.

राजा परत येतो तेव्हा राख उरलेली असते. मग बारा वर्षं तो स्मशानातच पिंगलेचं नाव घेत बसतो. शेवटी गोरक्षनाथ येतात. हातातलं मडकं मुद्दाम पाडून फोडतात आणि त्याच्यासाठी गळा काढून रडू लागतात. राजाला नवल वाटतं. एका मडक्यासाठी एवढं काय, अशी कितीतरी आणून देतो, असं तो म्हणतो. मग गोरक्षनाथ योगबळाने असंख्य पिंगला उभ्या करतात. त्यातली आपली कोणती, हे राजाला ओळखता येत नाही. तिथे मोहाची गाठ सुटते आणि पुढे दत्तप्रभूंचा अनुग्रह होऊन ते भर्तरीनाथ होतात.

आम्ही बायका सेवेच्या वेळी या कथेवर बोलत होतो, तेव्हा एक गोष्ट सगळ्यांना टोचली. पिंगला कशामुळे गेली? राजाच्या खाण्यापिण्यामुळे किंवा रेशमी कपड्यांमुळे नाही. आपल्यावर कुणाचं किती प्रेम आहे, ते चाखून बघण्याच्या हौसेमुळे ती गेली. हा सुद्धा भोगच, आणि पंचपक्वान्नांपेक्षा महाग. ताटातलं जास्त खाल्लं तर आपलं पोट बिघडतं. या भोगाची किंमत मात्र समोरच्या माणसाने मोजलेली असते.

तिसरी गोष्ट इतिहासातली. सातव्या शतकात इत्सिंग नावाचा चिनी बौद्ध भिक्षू भारतात आला होता. त्याने भर्तृहरी नावाच्या थोर व्याकरणकारांबद्दल लिहून ठेवलंय. ते आणि आपले शतककार एकच का, यावर विद्वानांत मतभेद आहेत. इत्सिंग लिहितो की भर्तृहरी सात वेळा मठात गेले आणि सात वेळा संसारात परतले. एकदा मनात वासना उठली, तर त्यांनी शिष्याला सांगून मठाबाहेर गाडी तयार ठेवली. मन असं झालेलं असताना साधूंच्या पंगतीत बसणं त्यांना पटेना. ते संसारात परतले, पण ढोंग केलं नाही. आपलं कसं, एकादशी दुप्पट खाशी! साबुदाणा वडे, रताळ्याचा कीस, वर बर्फी, आणि म्हणायचं उपास आहे. सात वेळा पडून खरं बोलणारा माणूस आम्हाला या उपासापेक्षा मोठा वाटतो.

उज्जैनला याल तेव्हा गढकालिका मंदिराजवळची भर्तृहरी गुफा जरूर बघा. क्षिप्रेच्या काठी, आत अरुंद, वाकून जावं लागतं. जवळच मत्स्येंद्रनाथांची समाधी आहे. २०२८ च्या सिंहस्थात गर्दी खूप असेल, त्याआधी आलात तर शांतपणे बसता येईल.

आता आपल्या घरातलं बघू. सुनेने रोज फोन केलाच पाहिजे, नाही केला तर तिला माया नाही. मुलगा परदेशातून सणाला आला नाही की दोन दिवस अबोला. तब्येत बरी असतानाही जरा बरं नाही असं कळवायचं, म्हणजे कोण धावत येतं ते कळतं. हे सगळे रक्ताने माखलेले कपडेच आहेत, आपण फक्त ते मोबाईलवरून पाठवतो. यात कुणाचा जीव जात नाही हे खरं, पण माया थोडी थोडी जळते. आणि राख झाल्यावर बारा वर्षं बसूनही ती परत येत नाही.

म्हणून या महिन्याची साधना एवढीच. भोगीची भाकरी आनंदाने खा, लग्नात शालू नेसा, नातवंडांचे लाड करा. फक्त आपल्या माणसाची परीक्षा घेण्याचा भोग सोडा. भेटावंसं वाटलं तर सरळ सांगा की भेटावंसं वाटतंय. महाराजांपुढे नैवेद्य ठेवताना रोज मनात म्हणा, माझी ही खोड आज तुमच्या ताटात वाढली.

भर्तरीनाथांना आणि पिंगलेलाही आमचा साष्टांग नमस्कार.

जय गुरुदेव!
उज्जैन सेवेकरी भगिनी मंडळ